पासंग

नव्या शिंप्यानं टेप त्याच्या पाठीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली, थांबला, एक पाऊल मागं सरला, आणि तसबीर वाकडी आहे की भिंतच वाकडी आहे हे ठरवताना माणूस जसा मान कलती करून बघतो तसा बघत म्हणाला, "साहेब, उजवा खांदा खाली धरलाय. सैल सोडा." तो म्हणाला, सैलच आहे. शिंप्यानं पुन्हा टेप लावली. मग असाच आहे म्हणायचा, शिंपी म्हणाला, चांगला बोटभर खाली आहे. पण मनाला लावून घेऊ नका, आतून कापडाची घडी देतो, कुणाच्या बापाला कळणार नाही. जुना शिंपी डोळे अधू झाल्यामुळं घरी बसला होता, आणि त्यानं इतक्या वर्षांत खांद्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. याचा अर्थ उघड होता. तो गुपचूप घडी घालत आला होता. म्हणजे आरशात आपण सरळ दिसतो ही आपली कमाई नसून शिंप्याची मेहरबानी होती, हे त्याला साठी उलटल्यावर, परक्या दुकानात दोन्ही हात पसरून उभा असताना समजलं.

दुसऱ्या कुणी ही गोष्ट हसण्यावारी नेली असती. पण त्याची उभी हयात वजनमापं खात्यात गेली होती, निरीक्षक म्हणून. बाजारात त्याला काटेसाहेब म्हणत. म्हणजे तोंडावर काटेसाहेब, पाठीमागं नुसतं काटा. दुकानात शिरला की तो आधी तागडीची दोन्ही पारडी रिकामी करायला लावायचा आणि काट्याकडं बघत राहायचा. काटा मधोमध आला तरी त्याचं समाधान होत नसे. मग तो पारड्याच्या बुडाखालून बोट फिरवायचा. तिथं कधी मेणाचा गोळा असायचा, कधी चिकटवलेला खडा. हलकं पारडं जड करून तागडी सरळ दिसावी म्हणून लपवलेला हा जो तुकडा, त्याला पासंग म्हणतात. आणि बोटाला पासंग लागला की त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरायचा तो, बायकोच्या मते, लग्नाच्या फोटोतही नव्हता. अशा माणसाच्या सदऱ्यात आता कापडाची घडी निघाली होती.

खांदा कशानं गेला याचा तपास त्यानं शास्त्रोक्त पद्धतीनं सुरू केला. पहिला संशय पितळी वजनांच्या पेटीवर आला. ती जड पेटी वागवत त्यानं सगळा बाजार पालथा घातला होता. हा निष्कर्ष त्याला आवडला. सरकारी कामात खांदा झिजला म्हणजे जवळजवळ हुतात्माच. पण पेटी तो डाव्या हातात धरायचा, कारण उजवा हात पंचनामा लिहायला मोकळा लागे. निष्कर्ष बारगळला. मग एका सकाळी तो बायकोला घेऊन चष्म्याच्या दुकानात निघाला होता, त्यांच्या छोट्या मोटारीतून, आणि सिग्नलला शेजारी एक मोटरसायकल येऊन थांबली. चालवणारा साधाच माणूस, मागं त्याची बायको, दोन्ही पाय डावीकडं सोडून आडवी बसलेली. तिचा उजवा हात त्याच्या पाठीवरून जाऊन उजव्या खांद्यावर होता. दिवा हिरवा झाला तसा त्या माणसानं गाडी सोडली, आणि सोडताना, बायकोचा भार डावीकडं होता म्हणून, नकळत उजवा खांदा खाली दाबला. बोटभर. मागच्या गाड्या बोंबलायला लागल्या. "हिरवा झालाय," बायको म्हणाली. त्या सबंध फेरीत ती एवढंच बोलली.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी त्यांच्याकडं मोटरसायकल होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी घेतलेली, काळी, टाकीवर सोनेरी रेघ असलेली, आणि बायको मागं बसली की बोलायला लागायची. घरात तिला बोलायला सवड नसायची आणि त्याला ऐकायला; ती सगळी शिल्लक गाडीवर निघायची. हनुवटी त्याच्या खांद्याजवळ आणून ती बोलायची आणि निम्मं वारा घेऊन जायचा. मागं वळून काय म्हणालीस असं विचारायची सोय नव्हती, पुढं ट्रक असायचे. म्हणून तो सगळ्याला "हं" म्हणायचा. या एका अक्षराच्या जोरावर त्यानं निळे पडदे मंजूर केले होते, मुलीचा पोहण्याचा क्लास मंजूर केला होता, आणि एकदा तर चक्क समुद्र मंजूर केला होता. बॅगा भरलेल्या दिसल्यावर त्याला कळलं की आपण सुट्टीला चाललो आहोत. तरी त्याला तिचं बोलणं कळायचं नाही असं नाही. शब्द वाऱ्यावर गेले तरी हात खांद्यावर असायचा. ती चिडली की बोटं रुतायची, हसली की हात हलायचा, झोप आली की हाताचं वजन हळूहळू वाढत जायचं आणि तो वेग कमी करायचा. तोळ्यामाशाचा फरक ओळखणारा माणूस होता तो. पण त्याला आता वाटलं की त्या हाताइतकं अचूक वजन आपण दुसऱ्या कशाचंही केलं नाही. मग बढती झाली, मोटार आली. मोटरसायकल घेऊन जाणारा घेऊन गेला. बायको गॅलरीतून बघत होती, आणि गाडी कोपऱ्यावरून वळल्यावर म्हणाली, "बरं झालं, आता केस विस्कटायचे नाहीत." आणि खरंच, त्या दिवसापासून तिचे केस कधी विस्कटले नाहीत. मोटारीत ती पट्टा लावून, दोन्ही हात पर्सवर ठेवून बसते. मध्ये गिअरचा दांडा असतो. शेजारी शेजारी बसून दोघं एकाच काचेतून एकच रस्ता बघतात, आणि जे दोघांनाही दिसतंय त्याच्याबद्दल बोलायचं काय?

तर त्यानं मोटरसायकल शोधायला सुरुवात केली. बायकोला कारण सांगितलं छंद. निवृत्त माणसाला छंद लागतो, डॉक्टरही सांगतात. मनात हिशेब सरळ होता: तीच जात, तोच रंग, गाडी पहिल्यासारखी करायची, आणि एक दिवस सहज म्हणायचं, चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. हे 'सहज' जमवायला किती महिने लागतील याचा त्याला अंदाज नव्हता. गाडी मिळाली गावाबाहेर, एका म्हाताऱ्या मास्तरांच्या अंगणात. तिच्या चाकात वेल गुंतला होता आणि हँडलवर कोंबडी बसत असावी असा पुरावा होता. मास्तरांनी घासाघीस केली नाही. गाडी टेंपोत चढवताना त्यांनी फक्त खिशातून रुमाल काढला आणि सीट पुसली. पुढची, स्वतःची बाजू त्यांनी पुसली नाही. मागची पुसली, मग रुमाल खिशात ठेवून नुसत्या तळहातानं पुन्हा एकदा पुसली, आणि आत निघून गेले.

बायकोनं गाडी खाली पार्किंगमध्ये उभी पाहिली. "आणलीत? बरं," म्हणाली, आणि पुसायला जुनी चादर फाडून दिली. शेजारीपाजारी त्याला सवत आणलीत म्हणून चिडवून गेले. तिनं त्यांना चहा दिला. कामाला मदत म्हणून त्यानं कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मालक गाठला. त्याला सगळे हळूमामा म्हणत, कारण नट पिळताना, सोडताना, चहा ओतताना तो समोरच्याला "हळू" एवढंच बजावायचा. स्वतः मात्र हातोडीशिवाय बोलायचा नाही. हळूमामानं किकवर उभं राहून पाच-पंचवीस लाथा मारल्या आणि पिस्टन गेला म्हणून दुखवट्याच्या सुरात जाहीर केलं. दोघांनी इंजिन उतरवलं. पिस्टन ठणठणीत होता. सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं, एवढंच. "माझंही तेच म्हणणं होतं," हळूमामा म्हणाला.

हे असे दिवस त्याला आवडायला लागले. टाकीत गंज होता. मूठभर नट आत टाकून टाकी तो मांडीवर घेऊन हलवत बसायचा, रडकं पोर झोपवावं तसा. कार्बोरेटरचे बारीक तुकडे रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचे, एकेक बाहेर काढायचा, जुन्या ब्रशानं घासायचा, भोकात फुंकर मारायची आणि उजेडाकडं धरून पलीकडचं आकाश दिसतं का बघायचं. सुईच्या अग्राएवढं आकाश दिसायचं. वरच्या मजल्यावर खिडकी उघडी असायची आणि बायको फोनवर लेकीशी बोलत असायची. लेक दूरच्या शहरात होती, मोटारीनं दिवसभराच्या वाटेवर. तिला बाळ व्हायचं होतं. आई, तू ये, बाळ चालायला लागेपर्यंत राहा. मग, शाळेत जाईपर्यंत राहा. मग एका संध्याकाळी फोन त्याच्या हातात आला आणि लेक म्हणाली, बाबा, तुम्हीही या ना. वाक्य चांगलं होतं, पण 'बाबा' आणि 'तुम्हीही' यांच्यामध्ये एक श्वास पडला होता, आणि पारड्याखाली बोट फिरवणाऱ्या माणसाला तो श्वास लागला. तो म्हणाला, "मी कसा येऊ? माझं इथं काम चाललंय." काम म्हणजे मोटरसायकल. फोन ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं की ज्या गाडीवर बायकोला बसवायचं म्हणून हा सगळा खटाटोप, तीच गाडी आता तिच्याबरोबर न जाण्याचं कारण म्हणून त्यानं पुढं केली होती. हे चूक होतं हे त्याला दिसत होतं. पण तोंडातून गेलेला शब्द त्यानं कुठल्या दुकानदाराला मागं घेऊ दिला नव्हता, स्वतःला कसा देणार.

वर आवराआवर सुरू झाली. तो खाली बसून आवाजांवरून ती मोजायचा. आधी कपड्यांचं कपाट, ते ठीक. मग मोठी पातेली शेजारणीकडं गेली; बायको म्हणाली, मी नसताना कुणासाठी एवढं शिजणार? तेही ठीक म्हणता येईल. मग एके दुपारी वरून तेलाच्या कुपीचा टकटक आवाज आला, आणि वर जाऊन बघतो तर बायको शिलाई मशीनला तेल देत होती. मशीनचं डोकं पेटीत बसवून, जुन्या दुलईत गुंडाळून, तिनं दोरीनं आवळून बांधलं. काही महिन्यांसाठी जाणारं माणूस शिलाई मशीन नेत नाही. तो दारात उभा राहिला. तिनं दोरीची गाठ मारली, वर पाहिलं, आणि वाट पाहिली. तो म्हणाला, तेल उरलं असेल तर चेनला हवं होतं. तिनं कुपी दिली.

गाडी जवळपास झाली होती तेव्हा स्प्रिंगांचं प्रकरण निघालं. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना स्प्रिंगा असतात, गॅरेजवाले त्यांना शॉकअप म्हणतात. त्यानं सवयीनं ओळंबा लावून पाहिला, आणि डावी स्प्रिंग उजवीपेक्षा बसलेली निघाली. बोटभर. दोरा स्थिर झाला तरी तो तिथंच उकिडवा बसून राहिला. कुणीतरी वर्षानुवर्षं मागं आडवं बसलं होतं, पाय डावीकडं सोडून, आणि लोखंडानं ते लक्षात ठेवलं होतं. हळूमामा नवी जोडी घेऊन आला. जुन्या भंगारात टाका, म्हणाला, गाडी डावीकडं झुकणार, चालवताना सारखं उजवीकडं दाबत बसावं लागेल. "मामा, तसंच ठेवा," तो म्हणाला. हळूमामाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. काटेसाहेब, अहो, तुम्ही तीळभर वाकड्या काट्याला सील ठोकत होता. हो, तो म्हणाला, ठोकत होतो. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एक वाकडी गोष्ट डोळ्यांदेखत पास केली. सीटचं कातडं त्यानं नवं घातलं होतं, पण आतला फोमही जुनाच ठेवला. हळूमामा नवी जोडी काखेत मारून निघून गेला, आणि बाजारात सांगत सुटला की साहेबांना निवृत्ती बाधली.

जावई न्यायला आला तो दिवस. सकाळचं ऊन पार्किंगमध्ये निम्म्यापर्यंत आलं होतं. जावयानं डिकी भरली, मागची सीट छतापर्यंत भरली, आणि मग घाम पुसत फार अदबीनं म्हणाला, बाबा, तुम्हीही चला ना. मोटारीत पाण्याच्या बाटलीलासुद्धा जागा उरली नव्हती. मग जावई टायरमध्ये हवा भरून आणतो म्हणून मोटार घेऊन कोपऱ्यावर गेला. बायको पर्स घेऊन खाली आली. तो मोटरसायकलवर बसला होता. गाडी मेन स्टँडवर होती, इंजिन चालू होतं, हळू, एकसारखं, त्यांच्या जुन्या गाडीसारखंच. त्याला 'सहज' म्हणायचं होतं. इतक्या महिन्यांत ते तयार झालं नव्हतं. तो म्हणाला, "जरा बसून बघतेस? आवाज नीट येतोय का सांग."

आवाज ऐकायला वर बसावं लागत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. "माझे गुडघे चढायचे नाहीत," ती म्हणाली. त्यानं भिंतीकडं बोट केलं. तिथं माळ्यावरचं काढायला ती ज्याच्यावर चढायची ते स्टूल होतं. ते तिथं कसं आलं याची चौकशी तिनं केली नाही. स्टूल सरकवून ती चढली आणि आडवी बसली, पाय डावीकडं. स्टँडवरची गाडी म्हणजे तागडीच असते. ती बसली तशी मागची बाजू खाली गेली आणि पुढचं चाक त्याच्यासकट जमिनीवरून वर उचललं गेलं. त्यानं हँडलवर ओणवं होऊन तोल धरला. चाक जमिनीला लागेना, वरही जाईना. मधोमध. तो वाट बघत राहिला. हात आला नाही. तिनं मागची कडी धरली होती.

"ही उंच होती," ती म्हणाली.

"कोण?"

"जी बसायची ती. माझे पाय पोचत नाहीत बघा फूटरेस्टला." मग थोडं सरकून, "आणि अंगानं भरलेली. इथं खड्डा आहे, मी त्यात मावून उरते." तिच्या आवाजात किंचित नाराजी होती, आणि ती त्याला इतकी गोड वाटली की तोल जातोय की काय असं झालं. "काय झालं तिचं?"

"मी विचारलं नाही. मास्तरांनी तिची बाजू हातानं पुसली, एवढं पाहिलं."

"तुम्ही विचारतच नाही," ती म्हणाली. तक्रार नव्हती, आज ऊन आहे म्हणावं तशी म्हणाली. "मी मशीन बांधलं ते दिसलं ना तुम्हाला?"

"दिसलं."

"मग?"

इंजिन चालू होतं. समोर वेगाचा काटा शून्यावर होता. "विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस," तो म्हणाला.

मागं वळून तिच्याकडं बघण्याची सोय त्याला नव्हती, जराही हललं तर तोल जाणार. आणि समोर भिंत असली, वारा नसला, तरी तिचा चेहरा दिसत नाही या एका गोष्टीनं त्याच्या आत काहीतरी पूर्वीच्या जागी जाऊन बसलं. हेच तर हरवलं होतं. तोंडासमोर तोंड आलं की दोघांची गाडी बंद पडायची.

"हं," तो म्हणाला.

"हं काय? मी अजून काही बोललेच नाही."

ती हसली. हात खांद्यावर नव्हता तरी हसणं त्याला सीटमधून कळलं, आणि पुढचं चाक हवेत जरासं हललं. मग ती काहीतरी बोलणार होती. श्वास घेतल्याचं त्यानं ऐकलं. फाटकात जावयाचा हॉर्न वाजला. "उतरते," ती म्हणाली, आणि उतरण्यासाठी तिनं हात टाकला त्याच्या खांद्यावर. उजव्या. सगळा भार, गुडघ्यांचा, वयाचा, निघायच्या घाईचा, त्या एका हातावर आला, आणि इतक्या वर्षांनी काम मिळाल्यासारखा तो खांदा खाली गेला. हात पूर्वीपेक्षा हलका होता. किती हलका, हे तो सांगू शकला असता. मग हात निघाला आणि पुढचं चाक धप्पकन जमिनीवर आदळलं.

मोटारीजवळ जावई शिलाई मशीन पुढच्या सीटपाशी, तिच्या पायांत बसवायची खटपट करत होता. ती उभी राहून बघत होती. "ते राहू दे," ती म्हणाली. जावई म्हणाला, बसतंय आई, थोडे पाय आखडून घ्यावे लागतील. "नको. जड आहे. देईल मागाहून कुणीतरी आणून." तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. पट्टा लावला, दोन्ही हात पर्सवर ठेवले. केस व्यवस्थित होते. फक्त कानामागची एक बट सुटली होती आणि ती तिनं बसवली नाही.

'कुणीतरी' हा शब्द त्यानं पुढचे काही दिवस सगळ्या बाजूंनी तपासला. कुरिअरवाला असू शकतो. जावयाचा कुणी मित्र असू शकतो. त्यानं शब्दाच्या बुडाखालून बोट फिरवून पाहिलं, आणि तिथं जे लागलं ते तो दोन दिवस मनाशी तोलत राहिला. मग शिंप्याकडं गेला. सदरा तयार होता. त्यानं घालून पाहिला; आरशातला माणूस छापील सरळ होता. घडी काढून टाका, त्यानं सांगितलं. शिंपी म्हणाला, साहेब, वाकडं दिसेल. तो म्हणाला, दिसू दे. शिंप्यानं टाके उसवले आणि चतकोर कापडाची घडी त्याच्या हातात दिली.

सकाळी त्यानं घराला कुलूप लावलं आणि मशीन मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बांधलं. हळूमामा आला होता, पाठवणीला आल्यासारखा, हातात हातोडी. त्यानं दोरीकडं पाहिलं आणि राहवेना. साहेब, मधोमध बांधा, सगळा भार डावीकडं गेलाय, एवढ्या लांबच्या रस्त्याला गाडी ओढेल. तो म्हणाला, माहीत आहे. हळूमामानं मान हलवली. "हळू," तो म्हणाला, आणि या वेळी ते अगदी मनापासून म्हणाला.

एका लाथेत इंजिन लागलं. त्यानं गाडी स्टँडवरून काढली, ती ताबडतोब डावीकडं कलली, आणि कुणी न सांगता त्यानं उजवा खांदा खाली दाबला. मग ती सरळ चालायला लागली. बाजार मागं पडला. दोन्ही बाजूंच्या दुकानांत लोक तागड्या पुसत होते, कुणाच्याही पारड्याखाली त्यानं बोट घातलं नाही. शहर सुटलं तसा वारा आला, सदऱ्यात शिरला, पाठीशी फडफडायला लागला. दुलईत गुंडाळलेल्या पेटीत एखादा सुटा तुकडा, बहुधा बॉबिन, खड्ड्याखड्ड्याला खुळखुळत होता. काय म्हणतोय ते नीट ऐकू येत नव्हतं, निम्मं वारा घेऊन जात होता. पुढं ट्रक होता. मागं वळून विचारण्याची सोय नव्हती.

"हं," तो म्हणाला.